ओल्या कचऱ्याला वाफसा हवा

पेरणीआधी शेतकरी मूठभर माती दाबून बघतो. गोळा झाला आणि बोटानं ढोसल्यावर फुटला, तर वाफसा आला म्हणतो. जमिनीत ओल आहे आणि हवाही खेळते आहे. आज आपण गॅलरीतल्या खताबद्दल बोलणार आहोत, आणि माझ्या मते त्यातलं निम्मं शास्त्र या एका शब्दात आहे.

मुंबईत कंपोस्ट बिघडतं ते बहुतेक वेळा पाण्यानं. भाजीच्या देठांत, सालींत दहातले आठ-नऊ भाग पाणीच असतं. किलोभर कचरा टाकला म्हणजे पाऊण लिटरहून जास्त पाणी ओतलं. त्यात जुलैची हवा काही वाळू देत नाही. पोकळ्या पाण्यानं भरल्या की हवेवाचून जगणारे जिवाणू ताबा घेतात. मग सडक्या अंड्याचा वास आणि मिथेन. देवनारच्या कचराभूमीतल्या ढिगांच्या पोटातही हेच चालतं. जानेवारी 2016 मध्ये ते ढीग पेटले होते, आठवत असेल. अशा आगींना हा वायू खाद्य पुरवतो.

म्हणून माप लक्षात ठेवा: एक वाटी कचरा, एक वाटी कोरडं. पावसाळ्यात दीड वाटी. कोरडं म्हणजे चुरलेला पालापाचोळा, फाडलेलं वर्तमानपत्र किंवा कोकोपीट, म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. कोकोपीटच्या विटेवर 'पाण्यात भिजवा' असं लिहिलेलं असतं, ते कुंडीसाठी. इथं वीट कोरडीच फोडायची, नाहीतर जे पाणी शोषायचं तेच तिला आधी पाजल्यासारखं होतं. वखारीतला भुसा चालतो, पण प्लायवुडचा नको. त्यात डिंक-रसायनं असतात.

वीस लिटरच्या बादलीला बाजूंनी आणि तळाला तीन-तीन इंचांवर भोकं पाडा, ती दोन विटांवर ठेवा, खाली ताट. तळाला दोन इंच नारळाच्या शेंड्या. विरजण म्हणून दोन मुठी जुनं कंपोस्ट. कचरा बोटाच्या पेराएवढा चिरून टाका, वर कोरड्याचा थर, आणि दर तिसऱ्या दिवशी तळापासून हलवा. हलवायचा कंटाळा करणाऱ्यांची बादली सगळ्यात आधी वास मारते. अमोनियाचा उग्र वास आला तरी उपाय तोच, कोरडं वाढवा. त्या वासाचा अर्थ नत्र (नायट्रोजन) जास्त, कर्ब (कार्बन) कमी.

आता गांडुळं. ताजा कचरा थेट त्यांच्यावर ओतू नका. कुजताना तो तापतो, आणि पस्तीस अंशांच्या वर गांडुळांचं काही खरं नाही. बादलीत दहा-पंधरा दिवस मुरलेला, थंड झालेला माल त्यांना द्यायचा. कुंडीत सापडलेली गांडुळं इथं बहुधा टिकत नाहीत. ती माती खाणारी. खतासाठी वरच्या थरात राहणारी लागतात. मुंबईच्या उकाड्याला 'युड्रिलस युजिनी' ही जात बरी. थंड हवेची 'आयसेनिया फेटिडा' एप्रिल-मेमध्ये सावलीतही कष्टी होते.

दीड फूट बाय एक फुटाच्या क्रेटला अर्धा किलो गांडुळं पुरतात. चार इंच जुनं शेण आणि पाला यांचं अंथरूण, वर ओलं गोणपाट. पहिला आठवडा रोज शंभर ग्रॅम, रुळल्यावर दोनशेपर्यंत. तेवढ्यात घरचा कचरा मावत नसेल तर दुसरा क्रेट करा, पहिल्यावर लादू नका. मीठ-तेलाचं शिजलेलं, लिंबाच्या साली, मासळीचे काटे, कोळंबीची टरफलं क्रेटमध्ये नकोत. मूठ दाबल्यावर एखाददुसरा थेंब यावा. धार लागली तर गांडुळं बुडाली. गांडूळ कातडीनं श्वास घेतं. कातडी ओलसर हवी, पण पाणी साचलं की प्राणवायू मिळत नाही. मग रात्री ती झाकणावर चढतात आणि सकाळी फरशीवर वाळून पडलेली सापडतात. नव्या क्रेटवर पहिल्या दोन रात्री दिवा लावून ठेवा. उजेडाला भिऊन ती आत राहतात.

करड्या, जाड, चपट्या अळ्या दिसल्या की लोक सगळा क्रेट फेकून देतात. त्या काळ्या सैनिक माशीच्या, माणसाला निरुपद्रवी. पण त्या सांगतात की खाणं जास्त आणि ओल जास्त झाली. आठवडाभर खाणं बंद, वर दोन इंच कोरडं, त्यावर जाळी. लाल मुंग्या आल्या तर उलट, अंथरूण कोरडं पडलंय. क्रेटच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवायच्या असतील तर साबणाचं पाणी घाला आणि दर आठवड्याला बदला. मुंग्यांसाठी डेंग्यूच्या डासांची सोय नको.

खाली गळणाऱ्या पाण्याला सर्रास 'वर्मिवॉश', म्हणजे गांडुळांचं धुवण म्हणतात. ते कचऱ्याचं गळित आहे. मुळात ते गळूच नये. गळलं आणि घाण वास असेल तर ओतून द्या.

दोन-अडीच महिन्यांत वरचा थर चहाच्या चोथ्यासारखा काळा, भुसभुशीत होतो आणि पावसाच्या पहिल्या सरीसारखा वास येतो. तीन-चार दिवस पाणी थांबवा. खताचा शंकूसारखा ढीग करून उजेडात ठेवा. गांडुळं खाली सरकतात. वरून थर खरवडत जा, सावलीत सुकवा, चाळा. कुंडीच्या मातीत चारास एक भाग मिसळा. चाळणीत राहिलेलं फेकू नका. त्यात मोहरीपेक्षा जरा मोठे, पिवळसर कोष असतात. नव्या क्रेटच्या अंथरुणात ते मिसळून द्या.