रांगेचा फायदा कोणाला?

[दृश्य: अंधारी खोली. मोबाइलच्या उजेडात एक चेहरा.]

सकाळचे सात वाजायला दोन मिनिटं आहेत. फ्लोरिडातल्या ऑर्लँडोमधल्या एका हॉटेलात मुलं दुलईत गुरफटून झोपली आहेत. बाबा मात्र गजर लावून उठलेत. सुट्टीवर आलेला माणूस गजर लावतो, हीच मुळात गंमत. डोळे घड्याळावर, अंगठा मोबाइलवर. तत्काळ तिकीट काढताना पोटात जो गोळा येतो, तोच इथेही आला आहे.

सात वाजले. बोट भराभर फिरलं. स्लिंकी डॉग डॅश नावाच्या राइडची वेळ हवी होती. सकाळची वेळ गेली, दुपारची गेली, शेवटी संध्याकाळची एक मिळाली. मिळाली, हेच खूप.

२०२१ च्या ऑक्टोबरपासून २०२४ च्या जुलैपर्यंत, म्हणजे पावणेतीन वर्षं, तिथल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्ड या डिस्नेच्या थीम पार्कांना गेलेल्या कित्येक कुटुंबांची सकाळ अशी उजाडली. या सेवेचं नाव होतं जिनी प्लस. सुरुवातीला माणशी, दिवसाला १५ डॉलर. प्रवेशाचं तिकीट वेगळं. हे पंधरा डॉलर कशाचे, तर रांग टाळण्याचे. आणि चाहते भडकले ते यासाठी, की हीच सोय त्याआधी वीस वर्षं फुकट होती.

[दृश्य: सकाळची गर्दी. कानांच्या टोप्या, ढकलगाड्या, पाठीवरच्या पिशव्या.]

चाहते म्हणजे कोण, हे आधी सांगायला हवं. अमेरिकेत थीम पार्कला वर्षातून पाच-दहा वेळा जाणारी मोठी माणसं आहेत. मुलाबाळांशिवाय जाणारी. कोणत्या राइडला कितव्या मिनिटाला कोणतं वळण येतं हे त्यांना पाठ असतं. कोणती राइड तासाला किती माणसं ओढते, याचे आकडे ते चहावर क्रिकेटबद्दल बोलावं तसे बोलतात. आपल्या भाषेत यांना वारकरीच म्हणावं लागेल. वारकऱ्याचं देवाशी भांडण चालतं. यांचं कंपनीशी चालतं.

भांडणाचं मूळ मात्र बरंच जुनं आहे.

[दृश्य: कृष्णधवल चित्रफीत. अनाहाइम, १९५५.]

१७ जुलै १९५५. कॅलिफोर्नियातल्या अनाहाइममध्ये डिस्नेलँड उघडलं. त्या दिवशीच्या पाटीवर पहिलंच वाक्य आहे: या आनंदाच्या जागी येणाऱ्या सर्वांचं स्वागत. 'सर्वांचं' या शब्दावर चाहते आजही बोट ठेवतात. संस्थापक वॉल्ट डिस्नेच्या काळात सगळे सारखे होते, आता पैसेवाल्यांची चलती आहे, असं त्यांचं म्हणणं.

हे पुरतं खरं नाही. त्या काळात प्रत्येक राइडचे पैसे वेगळे पडायचे. त्यासाठी तिकिटांची छोटी पुस्तिका मिळायची. आधी ए, बी, सी, पुढे डी, आणि १९५९ मध्ये ई. साध्यासुध्या राइडला ए, सगळ्यात भारी राइडला ई. ई तिकिटं भराभर संपायची आणि ए, बी तिकिटं घरी परत यायची, अनेकांच्या खणात वर्षानुवर्षं पडून राहायची. 'ई तिकीट' हा शब्द तर अमेरिकन बोलीतच रुजला. १९८३ मध्ये अवकाशात गेलेली पहिली अमेरिकन महिला सॅली राइड हिने अंतराळयानाच्या उड्डाणाचं वर्णन करायला हाच शब्द वापरला. तिचं आडनाव राइड, हा निव्वळ योगायोग. तोवर पुस्तिका बंद होऊन वर्ष झालं होतं. १९८२ पासून एकदा तिकीट काढा आणि दिवसभर हवं तिथे बसा, अशी पद्धत आली.

म्हणजे पैशाचा भेद तेव्हाही होताच. फरक एवढाच, आणि माझ्या मते सगळा वाद या 'एवढाच'मध्ये आहे, की तेव्हा पैसे राइडचे होते. ई तिकीट हातात असलेला बँकेचा मालक आणि ई तिकीट हातात असलेला बस ड्रायव्हर एकाच रांगेत, एकामागे एक उभे राहायचे.

[दृश्य: राइडसमोरचं जुनं यंत्र. खाचेत तिकीट सरकवणारा हात. बाहेर येणारी कागदाची चिठ्ठी.]

१९९९ मध्ये डिस्नेने फास्टपास आणला. तिकीट यंत्रात घालायचं, चिठ्ठी बाहेर यायची. चिठ्ठीवर एका तासाची वेळ. त्या वेळेत या, छोट्या रांगेतून आत जा. तोवर हिंडा, खा, दुकानात शिरा. कंपनीचं गणितही उघड होतं: रांगेत अडकलेला माणूस खरेदी करत नाही. पण चिठ्ठी फुकट होती आणि सर्वांना सारखी मिळायची, त्यामुळे कुणाची तक्रार नव्हती.

मग त्यातही मुरलेले खेळाडू तयार झाले. घरातल्या एकाने सगळ्यांची तिकिटं घेऊन पार्कच्या या टोकापासून त्या टोकाला पळत सुटायचं, बाकीच्यांनी सावलीत बसायचं. चिठ्ठीवरची वेळ उलटून गेली तरी दारावरचे कर्मचारी कानाडोळा करत. ही गोष्ट जाणकारांनाच माहीत होती, आणि ते दिवसभर चिठ्ठ्या साठवून संध्याकाळी एकामागून एक वटवत. २०१२ च्या मार्चमध्ये फ्लोरिडाच्या पार्कांनी वेळ काटेकोर पाळायला लावली, तेव्हा काय आरडाओरडा झाला! आपण फुकटचं जास्त ओढत होतो, हे कुणी कबूल करत नव्हतं.

पुढे मनगटी पट्टा आला, मॅजिकबँड. त्याच्यासकट सगळ्या नव्या यंत्रणेवर कंपनीने सुमारे १ अब्ज डॉलर घातले. आता डिस्नेच्या हॉटेलात उतरणाऱ्यांना साठ दिवस आधी, इतरांना तीस दिवस आधी राइडच्या वेळा ठरवता येऊ लागल्या. दोन महिन्यांनंतरच्या मंगळवारी सकाळी सव्वादहाला आपण कुठे असू, हे आत्ताच ठरवायचं. आपल्याकडे लग्नाचा मुहूर्तही इतका पक्का नसतो.

मार्च २०२० मध्ये करोनाने पार्क बंद पडले. जुलैत ऑर्लँडो उघडलं तेव्हा फास्टपास नव्हता. तो परत आलाच नाही. आली ती जिनी प्लस.

[दृश्य: दोन रांगा जिथे मिळतात ती जागा. दोरी, टॅबलेट हातात घेतलेली तरुण कर्मचारी.]

आता या जागेकडे नीट बघा. चाहते हिला 'मर्ज पॉइंट' म्हणतात. डावीकडून साधी रांग येते. उजवीकडून पैसे भरलेल्यांची, तिचं नाव लाइटनिंग लेन. मध्ये एक मुलगी उभी आहे. उजवीकडच्या खांबावर मिकीच्या तोंडाचं गोल यंत्र. पट्टा टेकवला की हिरवा उजेड पडतो. हिरवा, हिरवा, हिरवा. एकदा निळा पडला, काहीतरी गडबड आहे, ती डोकावून बघते, सोडते. डावीकडची माणसं हे सगळं बघत उभी आहेत. मग ती डावीकडे वळते आणि तीन बोटं वर करते. तिघेच.

समजा, या राइडवर तासाला हजार माणसं बसतात. आठशे जागा उजवीकडच्यांना दिल्या, तर डावीकडे उरल्या दोनशे. तुमच्या पुढे फक्त तीनशे माणसं दिसत असतील. पण ती संपायला दीड तास जाणार. समोर रांग एवढीशी आणि हलत का नाही, असं ज्याला वाटतं, त्याला हे गणित कुणी सांगितलेलं नसतं.

यावर दुसऱ्या बाजूचे चाहते म्हणतात, अहो, ते आठशे काही आकाशातून पडलेले नाहीत. सोय नसती, तर ते तुमच्याच पुढे उभे असते! मुद्दा बिनतोड वाटतो. पण त्यात एक गोष्ट निसटते. साध्या पद्धतीत एक माणूस एका वेळी एकाच रांगेत असतो. पास घेतलेला माणूस एका राइडची वेळ खिशात टाकतो आणि मधल्या वेळात दुसऱ्या राइडच्या साध्या रांगेत जाऊन उभा राहतो. म्हणजे एकच माणूस दोन रांगा अडवतो. जिथे पूर्वी थेट चालत आत जाता यायचं, अशा राइडनाही मग रांग लागते. आसनं मात्र होती तेवढीच राहतात.

आपल्या एसटी स्टँडवर पाटी असायची, 'रांगेचा फायदा सर्वांना'. इथे रांगेचा फायदा विकायला ठेवलेला आहे. आणि मला खटकतं ते श्रीमंत माणूस पुढे जातो हे नव्हे. श्रीमंत माणूस कायमच पुढे जायचा; डिस्नेत तासाला शेकडो डॉलर मोजून खासगी गाइड घेण्याची सोय फार जुनी आहे, आणि तिच्यावर कुणी आग पाखडली नाही, कारण तशी माणसं मूठभर. खटकतं ते हे, की साधी रांग दहा मिनिटांची असेल तर पास कोण घेईल? रांग लांब आहे तोवरच मालाला गिऱ्हाईक आहे. उद्या कंपनीने चार नव्या राइड बांधून गर्दी पांगवली, तर तिचाच धंदा थोडा बसेल. तशी ती मुद्दाम रांगा वाढवते, असं मी म्हणत नाही. कमी करायची घाई तिला का असावी, एवढंच विचारतो.

[दृश्य: कंपनीचे आकडे. काचेच्या इमारती.]

कंपनीच्या बाजूनेही बघू. २०२२ च्या आर्थिक वर्षात डिस्नेला स्ट्रीमिंगच्या धंद्यात सुमारे ४ अब्ज डॉलर तोटा झाला. दुसरीकडे, २०२४ च्या आर्थिक वर्षात पार्क, जहाजं आणि त्यासोबतच्या विभागाने ९ अब्जांहून जास्त नफा कमावला; कंपनीच्या सगळ्या विभागांच्या नफ्यातला हा जवळपास साठ टक्के. घर ज्या पोराच्या पगारावर चालतं, त्याच्याच ताटातली पोळी कमी होते, अशी चाहत्यांची भावना. विमानतळावरून हॉटेलात नेणारी फुकट बस २०२२ च्या जानेवारीत बंद झाली. त्याआधी महागाईवर बोलताना कंपनीच्या तेव्हाच्या अर्थप्रमुखांनी सुचवलं, की खाण्याचं प्रमाण कमी करता येईल, काहींच्या कमरेच्या घेरासाठी ते बरंच. हे वाक्य लोक अजून विसरलेले नाहीत.

आणि मग ऑगस्ट २०२२. तिमाही निकालांत कंपनीने लिहिलं, की डिस्नेलँडला येणाऱ्यांची सरमिसळ 'प्रतिकूल' आहे. सरळ अर्थ असा, की वर्षभराच्या प्रवेशाचा पास काढलेले फार येतात आणि एकदाच येऊन भरपूर खर्च करणारे कमी. ज्यांनी दरवर्षी हजार-चौदाशे डॉलर मोजले, ते प्रतिकूल! चाहत्यांनी काय करावं? 'प्रतिकूल' हा शब्द छापलेले टी-शर्ट घालून ते पार्कात फिरले. रागाची ही जात मला फार आवडते.

त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुख्याधिकारी बॉब चेपेक पदावरून गेले, आधीचे मुख्याधिकारी बॉब आयगर परत आले. नफ्याच्या ओढीत आपण दर वाढवताना जरा अतीच केलं, असं आयगर यांनी पुढच्या वर्षी मान्यही केलं. चाहत्यांना वाटलं, आता रांग टाळायचा पास स्वस्त होणार. २०२३ च्या डिसेंबरात, नाताळच्या गर्दीत, ऑर्लँडोतल्या मॅजिक किंगडम या पार्कसाठी जिनी प्लसचा दर माणशी ३९ डॉलरवर गेला.

[दृश्य: व्हीलचेअर. कान झाकणारे मोठे हेडफोन घातलेला लहान मुलगा.]

या वादातला सगळ्यात नाजूक भाग पैसेवाल्यांचाही नाही. ज्यांना रांगेत उभं राहताच येत नाही, त्यांचा आहे. २०१३ मध्ये बातम्या आल्या, की न्यूयॉर्कमधल्या काही श्रीमंत कुटुंबांनी अपंग व्यक्तींना पैसे देऊन सोबत नेलं, म्हणजे मुलांना रांग नको. त्याच वर्षी कंपनीने अपंगांसाठीची पद्धत बदलली. २०२४ मध्ये नियम आणखी आवळले. मुख्यतः ऑटिझम किंवा तशा विकासात्मक अडचणी असणाऱ्यांपुरती ती सवलत ठेवली. कंपनी म्हणते, वापर पाच वर्षांत तिपटीहून वाढला होता, गैरफायदा घेणारे फार. सवलत गेलेले म्हणतात, खोटं बोलणाऱ्यांची शिक्षा आम्हाला का, आणि आता आम्हीही पास विकत घ्यायचा का? रांग टाळणं महाग झालं, की खोटं बोलायचा मोहही तेवढाच वाढतो. हे दोन प्रश्न वेगवेगळे आहेत, असं कंपनी वागते.

[दृश्य: खोपोलीचा घाट. मग शिर्डीतली दर्शनरांग.]

आपण परके नाही यात. खोपोलीजवळच्या इमॅजिकात एक्स्प्रेस तिकीट मिळतं, वंडरलात फास्ट ट्रॅक. तिरुपतीला तीनशे रुपयांचं दर्शन आहे, शिर्डीलाही पैसे भरून पास मिळतो. म्हणून अमेरिकेतले मराठी लोक या भांडणाकडे जरा आश्चर्याने बघतात. देवाच्या दारात जे चालतं, ते उंदराच्या दारात का चालू नये?

[दृश्य: मॅजिक किंगडम. नाताळचा आठवडा.]

२०२४ च्या जुलैत जिनी प्लसचं नाव बदललं, वेळा काही दिवस आधी ठरवता येऊ लागल्या, सुट्टीतला सातचा गजर गेला. ऑक्टोबरात आला प्रीमियर पास. वेळ ठरवायची भानगडच नाही. केव्हाही या, प्रत्येक राइडच्या उजव्या रांगेतून एकदा जा. मॅजिक किंगडममध्ये त्या वर्षीच्या नाताळात माणशी ४४९ डॉलर. चार जणांचे १,७९६. प्रवेशाचं तिकीट अर्थातच वेगळं.

आता असं समजा, की न्यू जर्सीतल्या एडिसनहून एक मराठी कुटुंब आलंय. आजी पुण्याहून आल्यात, म्हणून खास ही सहल. पास घेतलेला नाही. पायरेट्स ऑफ द कॅरिबियनच्या डाव्या रांगेत त्यांना सव्वा तास झाला. चकल्यांचा डबा अर्ध्या रस्त्यातच संपला. समोरची मुलगी तीन बोटं वर करते. हे पाच जण. ती मोजते, आजींकडे बघते, आणि दोन बोटं आणखी वर करते.

होडी लागते. पुढच्या बाकावर उजवीकडून आलेले चौघं, दहा मिनिटांपूर्वी पार्कच्या दुसऱ्या टोकाला होते. मागच्या बाकावर हे पाच जण, आजी मधोमध, मांडीवर रिकामा डबा. उजेड मागे पडतो, सगळ्यांसाठी एकदमच. अंधारात होडी हलते.