गोळीला रेटा हवा: जुन्या .303 रायफलीसाठी बंदुकीची दारू कशी निवडतात

नमस्कार मंडळी! बाहेर पाऊस लागलाय आणि नौपाड्यातली ही गल्ली अरुंद आहे, त्यामुळे मधूनमधून रिक्षांचे हॉर्न ऐकू येतील. तेवढं सांभाळून घ्या.

आजचा विषय माझ्या भाच्यामुळे निघाला. तो ॲडलेडला असतो, तिथल्या एका रायफल क्लबचा सभासद आहे. गेल्या महिन्यात त्याने जुनी ली-एन्फिल्ड घेतली, इंग्रजांच्या लष्कराची .303 रायफल. हा आकडा नळीच्या आतल्या व्यासाचा, इंचांत. तिकडे परवाना असलेले नेमबाज झाडलेल्या काडतुसाची पितळी केस जपून ठेवतात आणि तीच पुन्हा भरतात. याला म्हणतात रीलोडिंग. तर त्याचा मेसेज आला, "मावशी, दुकानात दारूचे दहा-बारा डबे आहेत. सगळ्यात पॉवरफुल कोणता घेऊ?"

मेसेज वाचून माझ्या पोटात गोळा आला. मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवलं, आणि माझे बाबा अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत पितळेवर काम करायचे. काडतुसाची केस कुठे फाटते, हे आमच्याकडे जेवताना ऐकायला मिळायचं. म्हणून त्याला दोन ओळींत उत्तर न देता हा व्हिडिओच करतेय.

आधी कायद्याचं सांगते. भारतात .303 ही निषिद्ध बोअरमध्ये (बोअर म्हणजे नळीचं माप) येते. आणि परवान्याशिवाय कुठलंही काडतूस तयार करणं हा 1959 च्या शस्त्र कायद्याखाली गुन्हा आहे. इथे घरी कुणीही, काहीही करून बघायचं नाही. हा व्हिडिओ समजून घेण्यासाठी आहे. कुठली दारू किती वजनाची भरायची, हा आकडा मी सांगणार नाही. तो दारू बनवणाऱ्या कंपनीच्या छापील तक्त्यातूनच घ्यायचा असतो.

आता मुद्दा. बंदुकीच्या काडतुसातली दारू फुटत नाही, जळते. भराभर, पण जळते. ठाणे स्टेशनवर सकाळी साडेआठची लोकल पकडलीय कधी? मागून कुणी एकाने पाठीत बुक्का मारला तर तुम्ही दारावर आपटाल. पण मागची सगळी गर्दी एकसारखी रेटत राहिली, तर तुम्ही न आपटता आत जाता. गोळीचंही असंच आहे. बुक्का बसला तर सगळा ताण पितळेवर आणि बोल्टवर, म्हणजे काडतुसाला मागून अडवून धरणाऱ्या दांड्यावर, येतो. रेटा मिळाला तर गोळी सबंध नळीभर वेग घेत जाते. त्या रायफलीची नळी साधारण 64 सेंटिमीटर, आणि गोळी ती पार करते एक-सव्वा हजारांश सेकंदात. तेवढ्या वेळात दारू कोणत्या गतीने जळते, हे बघून निवड होते. "पॉवरफुल" हा शब्द इथे उपयोगाचा नाही.

हा वेग ठरतो बऱ्याच अंशी दाण्याच्या आकारावर. हे बघा, मी स्वयंपाकघरातून मॅकरोनी आणलीय. रायफलीची पुष्कळशी दारू अशीच असते, बारीक नळकांडी, मध्ये भोक. दाणा बाहेरून जळतो तसा बाहेरचा पृष्ठभाग कमी होतो. पण आतलं भोक जळत जळत मोठं होतं, म्हणजे आतला पृष्ठभाग वाढतो. एकीकडे घट, दुसरीकडे भर. त्यामुळे वायू जवळजवळ एकसारखा निघत राहतो. दाण्यावर वेग आवरणारा लेपही दिलेला असतो, म्हणजे सुरुवात सावकाश होते. हे मला अजूनही फार सुंदर वाटतं. जाळण्याचं वेळापत्रकच दाण्याच्या आकारात घालून ठेवलंय!

.303 ची गोष्ट तर दारूचीच गोष्ट आहे. 1888 मध्ये हे काडतूस आलं तेव्हा त्यात काळी दारू होती, दाबून बसवलेली वडी. पण त्याआधीच, 1884 मध्ये, फ्रान्समध्ये पॉल व्हिएय यांनी बिनधुराची दारू बनवली होती. इंग्रजांना घाई झाली. फ्रेडरिक एबेल आणि जेम्स ड्युअर यांनी 1889 मध्ये कॉर्डाइट काढलं. त्यात 58 टक्के नायट्रोग्लिसरीन, 37 टक्के गनकॉटन, म्हणजे आम्लाची प्रक्रिया केलेला कापूस, आणि 5 टक्के व्हॅसलीनसारखी पेट्रोलियम जेली. दिसायला थेट शेवया. या लांब काड्यांची जुडी केसमध्ये आधी घालायचे आणि केसची मान नंतर आवळायचे, कारण अरुंद मानेतून ती आत जाईना.

कॉर्डाइट जोरकस होतं, पण जळताना प्रचंड तापायचं. तेव्हाच्या ली-मेटफर्ड रायफलीच्या नळीत उथळ, गोलसर आटे होते. आटे म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या खाचा. काळ्या दारूला ते छान, कारण काजळी कमी धरायचे. कॉर्डाइटने मात्र ते भराभर झिजवले. मग 1895 मध्ये एन्फिल्डच्या कारखान्याचे खोल, चौकोनी कडांचे आटे घेतले, आणि रायफल झाली ली-एन्फिल्ड. दारू बदलली म्हणून रायफलीचं आडनाव बदललं! पुढे कॉर्डाइटमधलं नायट्रोग्लिसरीनही 30 टक्क्यांवर आणलं, नळी जास्त टिकावी म्हणून.

1910 मध्ये मार्क सात काडतूस आलं. टोकदार गोळी, 174 ग्रेन, म्हणजे सव्वाअकरा ग्रॅमच्या आसपास. वेग सेकंदाला 2440 फूट. आजचे रीलोडिंग करणारे साधारण याच वजनाची गोळी आणि याच्या आसपासचा वेग धरून चालतात, कारण रायफलीची नेम धरायची साइट त्यासाठीच आखलेली आहे. त्याहून पुढे जायचा मोह टाळायचा.

का टाळायचा? इथे बाबांचं पितळ येतं. ली-एन्फिल्डचा बोल्ट मागच्या टोकाला अडकतो. जर्मन माउझर 98 रायफलीमध्ये अडकणारे दात पुढे असतात, अगदी काडतुसाच्या पाठीशी. मागे अडकणारा बोल्ट दाबाखाली किंचित दबतो, डोक्यावरच्या केसाच्या जाडीएवढंच, पण दबतो. त्यात लष्करी रायफलींचे चेंबर, म्हणजे काडतूस बसायची जागा, सढळ असतात, चिखल-मातीतही काडतूस बसावं म्हणून. झाडताना पितळेची पुढची भिंत चेंबरला चिकटते आणि बूड मागे सरकतं. मधलं पितळ ताणलं जातं. हे प्रत्येक वेळी होतं. पाच-सात भरण्यांत बुडाच्या जरा वर आतून एक खाच पडते, आणि एके दिवशी बूड वेगळं होतं. तापलेला वायू नेमबाजाच्या तोंडाच्या दिशेने येऊ शकतो. बाबा म्हणायचे, पितळ आधी सांगतं, आपण बघायला हवं.

म्हणून .303 ला मध्यम वेगाची रायफल दारू लागते. फार भरभर जळणारी घेतली, तर दाब लगेच टोकाला जातो आणि गोळीला हवा तो वेग येण्याआधीच मर्यादा गाठली जाते. फार सावकाश घेतली, तर केसमधल्या जागेत पुरेशी मावत नाही आणि काही दाणे अर्धवट जळून नळीबाहेर पडतात.

मध्यम दारूचा आणखी एक फायदा आहे, आणि मला तो सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. ती केस बरीचशी भरते. चुकून एकाच केसमध्ये दोनदा ओतली, तर बाहेर सांडते, डोळ्यांना दिसते. पिस्तुलाची जलद दारू एवढीशी लागते, केसच्या तळाशी बसते. दोनदा पडली तरी वरून कळत नाही. रायफलींच्या चिंध्या झाल्याच्या गोष्टी बऱ्याचदा इथूनच सुरू होतात. कमी भरली की सुरक्षित, हाही गैरसमज आहे. सावकाश दारू तक्त्यातल्या किमान आकड्याच्या खाली नेली, तर दाब कसाही वागू शकतो.

भाच्याच्या दुकानात एडीआय ब्रँडची दारू मिळते, ऑस्ट्रेलियातच बनते. त्यातली एआर 2206 एच आणि एआर 2208 या दोन्ही .303 च्या कामाच्या. गंमत अशी की हीच दारू अमेरिकेत हॉजडन कंपनीच्या डब्यातून विकली जाते. 2206 एच तिथे एच 4895 होते, आणि 2208 होते व्हार्गेट. पण थांबा! अमेरिकेत आयएमआर 4895 नावाचीही दारू आहे. आकडा तोच, दारू वेगळी. मूळ 4895 ही अमेरिकन लष्कराच्या .30-06 काडतुसासाठीची. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रूस हॉजडन यांनी लष्कराकडची शिल्लक 4895 विकत घेऊन नेमबाजांना विकली, तिथून त्यांचा धंदा उभा राहिला. आज दोन्ही नावं बाजारात आहेत आणि एकीचा तक्ता दुसरीला लावायचा नाही. म्हणून भाच्याला बजावलंय, दारू तिच्या मूळ डब्यातच राहील. आपल्याकडे बोर्नव्हिटाच्या बरणीत रवा असतो, आइस्क्रीमच्या डब्यात डाळ. ती सवय इथे अजिबात चालणार नाही. आणि टेबलावर एका वेळी एकच डबा उघडा.

कुणाकडे एम 1 गॅरँड, ही जुनी अमेरिकन लष्करी रायफल, असेल, तर आणखी एक अट. त्यात नळीच्या टोकाजवळ छिद्र असतं, तिथून वायू घेऊन रायफल स्वतः पुढचं काडतूस भरते. सावकाश दारूने त्या छिद्रापाशी दाब जास्त राहतो आणि आतला लांब दांडा वाकतो. गोळीचा वेग बरोबर, नेम बरोबर, तरी रायफल खराब.

आता भाच्याने पुढे काय केलं ते सांगते. त्याने 2208 चा एक डबा आणि एडीआयचा तक्ता घेतला. भरायला बसण्याआधी मी त्याला बाबांची युक्ती सांगितली. तारेचं टोक वाकवून केसच्या आत घालायचं आणि भिंतीवरून बुडाकडून वर ओढायचं. खाच असेल तर तार अडते. रायफलीबरोबर त्याला वीस वापरलेल्या केस मिळाल्या होत्या, वरून सगळ्या चकाचक. तीनमध्ये तार अडली. एक त्याने करवतीने उभी कापून फोटो पाठवला. हा बघा. बुडाच्या वर ही बारीक काळसर रेघ दिसतेय ना? उरलेल्या दोन त्याने पकडीने चेपल्या आणि भंगारात टाकल्या.