वेबसाइटवाल्याला फोन करण्याआधी

नमस्कार श्रोतेहो. देवगडच्या बागायतदाराचंच उदाहरण घेते. मोहोर चांगला धरला की वाटतं, यंदा पेट्या वाशीला दलालाकडे न धाडता थेट गिऱ्हाइकाला विकाव्यात. मग ओळखीतल्या वेबसाइटवाल्याला फोन जातो. तो विचारतो, "किती पानं हवीत?" आणि इथेच गाडी चुकीच्या रस्त्याला लागते.

त्या फोनच्या आधी एक संध्याकाळ वही घेऊन बसा. गेल्या हंगामात गिऱ्हाइकांनी फोनवर काय काय विचारलं, ते आठवून लिहा. पेटीत किती डझन? आमच्या पिनकोडला पोचेल का? आंबा डागी निघाला तर? पिकलेला येणार की अढीत घालावा लागेल? ही उत्तरं म्हणजेच तुमची वेबसाइट. ती घरात कुणालाच ठाऊक नसतील, तर बाहेरचा माणूस कुठून लिहिणार? पैसे परत देण्याचा नियम तर आधीच ठरवा. ऑनलाइन पैसे घ्यायचे तर पेमेंट गेटवेवाले, म्हणजे गिऱ्हाइकाचे ऑनलाइन पैसे घेऊन तुमच्या खात्यात जमा करणाऱ्या कंपन्या, तो मागतातच. हापूसला 2018 साली भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक भागातल्या मालाची सरकारी ओळख, मिळालं आहे, पण त्याचं चिन्ह वापरायला तुमची अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते. तेही तपासून घ्या.

आंबा मे अखेरीस आवरतो. जूनपासून पुढच्या मोहोरापर्यंत वेबसाइटवर काय दिसणार? कोकम, आमरस, की पुढच्या वर्षीसाठी नावनोंदणी? आणि हंगामात रोजचा भाव बदलणार कोण? घरातल्या एकाचं नाव लिहूनच ठेवा. मागच्या वर्षीचा भाव दिसला की गिऱ्हाईक फोनसुद्धा करत नाही.

आता ज्याची मला सगळ्यात काळजी वाटते ते. डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, तुमच्याच नावावर आणि तुमच्याच ईमेलवर घ्या. ते कायमचं विकत मिळत नाही. एका वेळी 1 ते 10 वर्षांसाठी नोंदवतात, मग नूतनीकरण. माझ्या नात्यातल्या एका बाईंचं डोमेन वेबसाइट करणाऱ्याच्या खात्यावर होतं. त्यानं धंदा बंद केला, मुदत संपली, नाव गेलं. खोक्यांवर मात्र तेच छापलेलं होतं. त्यांनी दोन हंगाम प्रत्येक खोक्यावर हातानं नवं नाव चिकटवलं.