काळ्या मॉलीवरचे पांढरे ठिपके

(दृश्य: परळमधलं स्वयंपाकघर, रात्रीचे साडेदहा. फ्रिजशेजारी माशांचा दोन फुटी टँक.)

मॉली काळी होती म्हणून दिसलं. चंदेरी मासा असता तर आणखी दोन दिवस कुणाच्या लक्षात आलं नसतं. शेपटीवर पाच-सहा, कल्ल्यामागे दोन, बारीक रवा चिकटावा तसे पांढरे ठिपके. मधूनच ती तिरकी होते आणि खडीवर अंग घासून पुन्हा वर येते.

आई हात पुसत काचेशी वाकते. "अरे, हिला कांजिण्या आल्यात का?"

"तसंच समज, आई."

रविवारी कुर्ल्याच्या मासळीबाजारातून, म्हणजे पाळायच्या माशांच्या बाजारातून, चार गप्पी आणल्या होत्या. पिशवी पंधरा मिनिटं टँकमध्ये तरंगत ठेवली, इथवर बरोबर. मग पिशवी उघडून मासे पाण्यासकट ओतले. गप्पींसोबत पाचवा पाहुणाही घरात आला.

(दृश्य: शेपटीचा पर जवळून. ठिपका मोठा होत जातो.)

दुकानात ह्याला 'व्हाइट स्पॉट' म्हणतात, हौशी मंडळी नुसतं 'इच'. शास्त्रीय नाव इक्थिओफ्थिरियस मल्टिफिलिस, १८७६ सालचं. ग्रीक-लॅटिनची ती खिचडी उलगडली तर अर्थ निघतो 'माशांची ऊ, पुष्कळ पोराबाळांची'. ऊ म्हणणं चुकलंच, कारण हा एकपेशीय जीव आहे. पोराबाळांचं मात्र अगदी खरं.

ठिपका दिसतो तिथे हा जीव माशाच्या कातडीखाली बिऱ्हाड करून असतो. वर माशाच्याच कातडीचं पांघरूण. पाण्यात कितीही औषध घाला, तिथवर पोचत नाही. पोट भरलं की तो मासा सोडतो, खाली खडीला, काचेला, पानाला चिकटतो आणि स्वतःभोवती कवच करतो. आत एकाचे दोन, दोनाचे चार, असे शेकडो. कवच फुटलं की ही पिल्लावळ पोहत सुटते. एक-दोन दिवसांत मासा सापडला तर ठीक, नाहीतर मेली. औषध लागू पडतं ते एवढ्याच वेळात, उघड्यावर फिरणाऱ्या पिल्लांवर.

चौथ्या दिवशी मॉली स्वच्छ दिसते. बहुतेक घरांत औषध इथेच बंद होतं आणि पुढच्या आठवड्यात सगळा टँक पांढरा होतो. कारण भाडेकरूंनी फक्त खोली सोडलेली असते. ते खाली उतरलेत, कुटुंब वाढवायला.

मुंबईचा उकाडा इथे कामाला येतो. अठ्ठावीस अंशांच्या पाण्यात हा सगळा फेरा आठवड्याच्या आत उरकतो. जानेवारीत पाणी गार पडलं की तोच लांबतो. म्हणून हीटर लावून पाणी हळूहळू तीस अंशांवर न्यायचं. ऊन पाण्यात प्राणवायू कमी मुरतो, तेव्हा हवेचा पंप दिवसरात्र चालू.

(दृश्य: ओट्यावर वजनकाटा, वाटीत खडे मीठ.)

आता औषध, म्हणजे मीठ. चमच्याने, मुठीने, अंदाजाने मीठ पडतं, कारण टँकमध्ये पाणी किती हेच कुणी मोजत नाही. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच टँक म्हणजे सुमारे छप्पन लिटर. खडी आणि वरची मोकळी जागा वजा केली की पंचेचाळीस उरतात. लिटरला दोन ग्रॅम धरलं तर नव्वद ग्रॅम मीठ, मगमध्ये विरघळवून, दीड दिवसात तीन हप्त्यांनी. रोज नळीने खडीतलं दहा लिटर पाणी ओढून काढायचं, कवचं तिथेच पडलेली असतात. भरलेल्या नव्या दहा लिटरमध्ये वीस ग्रॅम मीठ. शेवटचा ठिपका गेल्यावरही हे चालू ठेवायचं, एकूण दहा ते चौदा दिवस. मॉलीला खारं पाणी मानवतं. लोच जातीच्या माशांना आणि मिशीवाल्या कॅटफिशना नाही, वनस्पतीही कुरकुरतात.

आणि ती निळी बाटली? मेथिलीन ब्लू चांगलं औषध आहे, पण चुकीच्या भांड्यात पडतं. माशांच्या घाणीतला अमोनिया आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजात राहतात. निळ्या औषधाने तेही मरतात. म्हणून ते वेगळ्या टबात. टब कायमचा निळा होतो, तेव्हा कपड्यांची बादली घेऊ नये. फिल्टरमध्ये कोळसा असेल तर कुठल्याही औषधाआधी काढावा, नाहीतर औषध तोच पिऊन टाकतो.

(दृश्य: इमारतीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी.)

इथे माझं एक पाप सांगतो. आमच्या सोसायटीत टाकीसफाई होती. ब्लीचिंग पावडर वापरणार असल्याची नोटीस जिन्यापाशी लावलेली, मी रोज तिच्यासमोरून जात होतो. त्याच संध्याकाळी अर्ध्या टँकचं पाणी बदललं, वर स्पंज नळाखाली चकचकीत धुतला. सकाळी गोल्डफिश पृष्ठभागावर तोंड काढून हवा गिळत होते, कल्ले लालभडक. मी धावत जाऊन जंतूंचं औषध आणलं. जंतूंचा तिथे संबंधच नव्हता. क्लोरीनने कल्ले भाजले होते, आणि त्याच क्लोरीनने स्पंजातले जिवाणू मारल्यामुळे पुढचे काही आठवडे अमोनिया चढत राहिला. तीनातला एक वाचला.

नळाचं पाणी चोवीस तास उघड्या बादलीत ठेवा, किंवा हायपोचे खडे, म्हणजे सोडियम थायोसल्फेट, टाका. स्पंज टँकच्याच काढलेल्या पाण्यात पिळा.

परांच्या कडा झिजून फाटल्यासारख्या होतात तो फिन रॉट. जिवाणूंचा रोग, बहुधा घाणेरड्या पाण्यात माजतो. लवकर दिसला तर नुसत्या पाणीबदलानेही पर पुन्हा फुटतात. जखमेवर कापसाचा पुंजका दिसला तर ती बुरशी, पण तोंडाभोवतीचा पांढरा पट्टा अनेकदा कॉलम्नॅरिस हा जिवाणू असतो आणि बुरशीचं औषध त्याला लागू पडत नाही. तो तीस अंशांत उलट फोफावतो, म्हणून तिथे हीटर वाढवायचा नाही.

खवले पाइनच्या झाडाच्या फळासारखे उभे राहून पोट फुगलं, तर ते लक्षण आहे, आत मूत्रपिंडं थकल्याचं. दुकानदार तिथेही बाटली देईल. मी तरी फार आशा लावत नाही.

(दृश्य: पुन्हा परळ. चौदावा दिवस.)

मॉली काळी कुळकुळीत. वॉशिंग मशीनच्या बाजूला एक निळा टब, त्यात जुना स्पंज फिल्टर बुडबुडतोय आणि दोन नव्या गप्पी फिरतायत.

"ह्यांना का वाळीत टाकलंय?"

"नवीन आहेत, आई. तीन आठवडे."

आई दिनदर्शिकेशी जाते. दुधाचे खाडे मांडतात त्या पेनाने एका तारखेला गोल करते आणि बाजूला लिहिते, 'गप्पी आत'.