पावसाच्या आत: जुन्नरचा बाळहिरडा

(दृश्य: पहाट. बांबूच्या आकडीनं ओढलेली फांदी.)

एप्रिल संपत आलाय. जुन्नरच्या पश्चिमेला, नाणेघाटाच्या अंगाला, ऊन अजून कड्यावर यायचंय, पण माणसं केव्हाच झाडावर चढलीत. झाड आहे हिरड्याचं. बांबूच्या टोकाला आकडी, कमरेला झोळी. फांदी ओढायची, घोस ओरबाडायचा, झोळीत टाकायचा. आणि ज्या फांदीवर पाय आहे, ती मात्र तुटू द्यायची नाही. पुढच्या वर्षी याच फांदीवर यायचंय.

(दृश्य: तळहातावर चार फळं, अगदी जवळून.)

हे फळ नीट बघा. हिरवं, कोवळं, दोन्हीकडं निमुळतं. नखानं दाबलं की नख रुततं, कारण आत अजून आठळी धरलेली नाही. याला म्हणायचं बाळहिरडा. झाडावर राहू दिला तर आठळी धरेल, आणि मग तो बाळहिरडा राहणार नाही. थोडा पुढं गेला की चांभारी हिरडा, कातडं कमावायला घेतात तो. पुरता पिकून पिवळसर झाला की सुरवारी. झाड एकच, फळही तेच. पण वैद्याच्या आणि व्यापाऱ्याच्या लेखी हे तीन वेगळे जिन्नस आहेत. कुठला कधी काढायचा, हे इथल्या महादेव कोळी घरांमध्ये पोराबाळांनाही कळतं. ते शिकवायला कुणी वर्ग घेतलेला नाही.

(दृश्य: सारवलेलं अंगण. हिरव्या फळांचा थर. नंतर तोच थर काळा.)

आता खरं काम. शेणानं सारवलेल्या अंगणात हिरडा पातळ पसरतात. जाड थर चालत नाही, खालचा माल घामेजतो आणि बुरशी धरतो. दिवसातून दोनचारदा हातानं परतायचा. हिरवा रंग आधी मळकट होतो, मग तपकिरी आणि शेवटी काळा. अंगावर सुरकुत्या येतात. हा आवाज ऐका.

(सुपातला खडखडाट, निवेदन थांबवा.)

असा वाजला की वाळला. एरवी आजीबाई एक हिरडा उचलून दाताखाली धरतात आणि मान हलवतात, तेवढीच तपासणी. आभाळ भरून आलं की सगळं घर अंगणात धावतं. वळवाची एक सर या दिवसांच्या कामावर पाणी फिरवू शकते.

(दृश्य: सहाण, पाण्याचा थेंब, फिरणारा हिरडा.)

इथून पुढचा हिरडा तुमच्या ओळखीचा असेल. बाळगुटीच्या डबीतला. मुरूडशेंग, वेखंड, सुंठ, जायफळ, हळकुंड यांच्या शेजारी बसलेला. सहाणेवर पाण्याचा थेंब, त्यावर हिरड्याचे मोजून दोन वळसे. जास्त नाही. आजींच्या ओठांकडं लक्ष द्या, त्या वळसे मोजतायत. आता बालरोगतज्ज्ञ सांगतात की पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय काही देऊ नये, आणि ते ऐकायलाच हवं. मोठ्यांसाठी मात्र हिरडा आजही घरोघर आहे. एरंडेलात फुलवून केलेलं बाळहिरड्याचं चूर्ण रात्री कोमट पाण्याबरोबर घेतात, पोट साफ व्हायला. खोकल्याची ढास लागली की लहानसा तुकडा दाढेखाली. तोंड आलं तर काढ्याच्या गुळण्या. बेहडा आणि आवळ्याबरोबर तो त्रिफळ्यात असतोच.

आयुर्वेदानं या फळाला आईच म्हटलं. यस्य माता गृहे नास्ति तस्य माता हरीतकी. ज्याच्या घरी आई नाही, त्याची आई हिरडा. खारट सोडून बाकी पाचही रस त्यात सांगितलेत, पण जिभेला आधी कळतो तो तुरटपणा. आणि तो कशाबरोबर घ्यायचा, हे ऋतू ठरवतो. पावसाळ्यात सैंधवाबरोबर, शरदात साखरेबरोबर, हेमंतात सुंठीबरोबर, शिशिरात पिंपळीबरोबर, वसंतात मधाबरोबर आणि ग्रीष्मात गुळाबरोबर. एकाच फळाचं वर्षभराचं वेळापत्रक आहे हे, आणि आपण ते विसरत चाललोय. गरोदर बाईनं, फार अशक्त झालेल्या माणसानं तो घेऊ नये, हेही त्याच शास्त्रात लिहिलंय. दुखणं जुनं असेल तर वैद्याला किंवा डॉक्टरांना दाखवूनच.

(दृश्य: कुंपणाचा अडुळसा, पांढरी फुलं.)

कुंपणाला अडुळसा आहे. कडू पाल्याला गुरं सहसा तोंड लावत नाहीत, म्हणून कुंपणाला बरा. आणि खोकल्याला पानांचा रस मधातून, म्हणून घराला बरा. जाताजाता दिसला, म्हणून सांगितलं.

(दृश्य: उन्मळलेलं खोड, शेजारी नवी फूट.)

3 जून 2020. रायगडच्या किनाऱ्यावर आलेलं निसर्ग चक्रीवादळ घाट चढून इथवर आलं. जुन्नर आणि आंबेगावच्या पट्ट्यात हिरड्याची झाडं मुळासकट पडली. भरपाईसाठी मोर्चे निघाले, त्यात वर्षं गेली. हिरडा सावकाश वाढणारं झाड आहे.

(दृश्य: गोणीचं तोंड शिवणारे हात.)

पोती भरली. दाभण, सुतळी, आडवा टाका. यातून भाताचं बियाणं येणार आहे, पोरांच्या शाळेच्या वह्या येणार आहेत. व्यापाऱ्याचा काटा उद्या येईल. भाव तोच सांगेल.

(दृश्य: रिकामं अंगण. कडेला आजी.)

अंगण झाडून झालं. फटीत अडकलेले दोन हिरडे आजींनी वेचले, पदराला पुसले आणि कमरेच्या पिशवीत टाकले. हे विकायचे नाहीत.

(पहिला थेंब. आवाज तसाच राहू द्या.)