गेमचा सातबारा कोणाच्या नावावर?

(पडद्यावर: संध्याकाळचा लांबलचक हायवे. एकच गाडी. इंजिनाचा आवाज.)

हा रस्ता डेट्रॉइटमधून निघतो. गाडी चालवत राहिलात, तर न्यूयॉर्क, मायामी, न्यू ऑर्लिन्स, लास व्हेगास करत थेट पॅसिफिकच्या किनाऱ्याला लागता. अख्खी अमेरिका आकसून एका गेममध्ये बसवलेली. गेमचं नाव 'द क्रू'. घडवला फ्रान्समधल्या आयव्हरी टॉवर या स्टुडिओनं आणि बाजारात आणला यूबीसॉफ्ट या कंपनीनं, डिसेंबर २०१४ मध्ये.

३१ मार्च २०२४ ला हा रस्ता बंद झाला.

टोलनाका बंद पडावा तसा नव्हे. त्या दिवशी कंपनीनं आपले सर्व्हर, म्हणजे गेम चालता ठेवणारे दूरचे संगणक, बंद केले आणि गाड्या, शहरं, वळणं, सगळंच दिसेनासं झालं. या गेममध्ये एकट्यानं खेळायची एक मोठी कथा होती. त्या कथेला दुसऱ्या खेळाडूची गरज नव्हती, पण कंपनीच्या सर्व्हरची होती. घरात एकटे बसून खेळत असलात तरी गेम दर क्षणी कंपनीकडे बघत असे. तिकडून उत्तर यायचं थांबलं, की इकडे काळोख.

ज्यांच्याकडे डिस्क होती त्यांच्याकडे आता गोल प्लास्टिकची चकती उरली. ज्यांनी ऑनलाइन घेतला होता, त्यांची गोष्ट त्याहून पुढची. काही दिवसांतच अनेकांच्या यूबीसॉफ्ट खात्यात या गेमसमोर एक सूचना झळकली: तुम्हाला आता इथे प्रवेश नाही, पुढच्या साहसांसाठी आमच्या दुकानात डोकावून पाहा.

वाक्य सभ्य आहे. घरमालकानं कुलूप बदलावं आणि जाता जाता नव्या स्कीमचं पत्रक हातात द्यावं, तितकं सभ्य.

(पडद्यावर: जुना टीव्ही. पिवळ्या रंगाची गेम कॅसेट. कुणीतरी तिच्यात फुंकर मारतं.)

आपल्याकडे गेमला आधी 'कॅसेट' म्हणायचे. ज्यांचं बालपण नव्वदच्या दशकात गेलं, त्यांना ही फुंकर समजावून सांगायला नको. 'नाइन नाइन नाइन नाइन इन वन' असं छापलेली कॅसेट, आत पंधरा-वीसच गेम, तेच पुन्हा पुन्हा. ती मित्राला आठवडाभर द्यायची, त्याची आपण आणायची. परत आली नाही तर भांडण. मोठी सुट्टी लागली की कॅसेटी हातोहात फिरत. पुढे लॅमिंग्टन रोडवरच्या आणि पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या दुकानांतून सीडी आल्या, तेव्हाही रीत तीच राहिली.

खरं सांगायचं तर त्यातला बराचसा माल चोरीचा होता. मूळ कंपनीला त्यातला छदामही जात नसे. कायद्यानं बघाल तर त्या कॅसेटवर आपला हक्क शून्य, पण ती हातात होती. कुणी दूर बसून ती आपल्या कपाटातून काढून घेऊ शकत नव्हतं.

आता उलटं झालंय. पैसे रीतसर भरले, यूपीआयचा मेसेज आला, जीएसटीसकट पावती ईमेलमध्ये आहे. आणि हातात? हातात काही नाही.

(पडद्यावर: २००४ मधला संगणक. इन्स्टॉलेशनची पट्टी हळूहळू भरते आहे.)

हा बदल एका रात्रीत झाला नाही, पण त्याची एक तारीख सांगता येते. अमेरिकेतल्या व्हॉल्व्ह कंपनीनं सप्टेंबर २००३ मध्ये 'स्टीम' सुरू केलं, जे आज गेमचं ऑनलाइन दुकान आहे. सुरुवातीला ते गेमचे अपडेट पोचवायचं साधन होतं, आणि लोकांना त्याचा वैताग यायचा. मग नोव्हेंबर २००४ मध्ये व्हॉल्व्हचाच 'हाफ-लाइफ २' हा गेम आला. दुकानातून खोका आणा, डिस्क घाला, तरीही स्टीमवर खातं उघडून गेम त्या खात्याला जोडल्याशिवाय तो चालू होईना. डिस्क तीच राहिली, पण तिचं काम बदललं. कालपर्यंत ती माल होती, त्या दिवसापासून नुसतं वाहन झाली. माल कुठे आहे हे खातं ठरवू लागलं.

स्टीमवर नुसती टीका करून मोकळं होणं मात्र अन्यायाचं ठरेल. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स या छोट्या स्टुडिओनं 'राजी' हा गेम केला. आपल्या पुराणकथांवरचा, मंदिरांच्या शिल्पांतून आणि छायाबाहुल्यांतून उभा राहिलेला. २०२० मध्ये तो जगभर पोचला तो याच डिजिटल दुकानांतून. डिस्क छापायच्या, जहाजानं पाठवायच्या, परदेशी दुकानदारांच्या विनवण्या करायच्या. पुण्यात बसून नव्या टीमनं हे कसं पेललं असतं? दुकान आपला हिस्सा घेतं. स्टीमचा नेहमीचा दर ३० टक्के आहे. २०१८ च्या डिसेंबरात एपिक या दुसऱ्या गेम कंपनीनं १२ टक्क्यांवर दुकान थाटलं तेव्हापासून या दरावरून हमरीतुमरी चालू आहे. पण ही भांडणं गेम बनवणारा आणि दुकान यांच्यातली. पैसे भरणारा गिऱ्हाईक त्यात कुठेच नाही.

त्याच्या वाट्याला येतो करार. तो लांबलचक मजकूर, ज्याच्या खाली 'मला मान्य आहे' असं बटण असतं. मीही आजवर दाबत आलोय.

(पडद्यावर: स्टॅम्प पेपर. वर ठळक अक्षरांत 'लीव्ह अँड लायसन्स'.)

मुंबई-पुण्यात भाड्यानं राहिलेल्या माणसाला या करारातला कळीचा शब्द समजावून सांगावा लागत नाही. लायसन्स. अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करताना आपण हेच तर मान्य करतो. १८८२ च्या ईझमेंट्स कायद्यात लायसन्सची जी व्याख्या आहे, तिचा मथितार्थ असा: दुसऱ्याच्या जागेत काही करायची मुभा, जी नसती तर ते करणं बेकायदा ठरलं असतं, आणि जिच्यामुळे जागेत कसलाही हक्क निर्माण होत नाही. तुम्ही राहा, झोपा, स्वयंपाक करा. घर तुमचं नाही.

गेमचा करार कायद्यानं निराळा असला तरी जातकुळी हीच. सातबाऱ्याच्या भाषेत सांगायचं तर कब्जेदाराच्या रकान्यात प्रकाशकाचं नाव, आणि आपलं नाव 'इतर अधिकारा'तही नाही. वारस नोंदही होत नाही. स्टीमच्या अटींनुसार खातं दुसऱ्याच्या नावावर करता येत नाही. वीस वर्षं जमवलेले पाचशे गेम मृत्युपत्रात लिहून ठेवलेत, तरी कंपनीच्या लेखी त्या ओळीला अर्थ नाही.

फरक आहे, आणि तो घरमालकाच्या बाजूनं जातो. घरमालक निदान अकरा महिने लिहून देतो. 'द क्रू' विकत घेणाऱ्याला कुणीही सांगितलं नव्हतं, की मुदत नऊ वर्षं आणि काही महिने आहे. आणि घरमालक बोर्डावर 'भाड्यानं देणे आहे' असं लिहितो. इथे बटणावर लिहिलेलं असतं: विकत घ्या.

या एका क्रियापदावरून अमेरिकेत कायदा झाला. कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळानं २०२४ मध्ये एबी २४२६ हा कायदा मंजूर केला, तो १ जानेवारी २०२५ पासून लागू आहे. नुसतं लायसन्स देत असाल आणि ते कधीही काढून घेता येत असेल, तर 'खरेदी' हा शब्द तसाच वापरता येणार नाही. काय विकताय ते गिऱ्हाइकाला ठळक सांगा. जी फाइल एकदा उतरवून कायमची, इंटरनेटशिवाय वापरता येते तिला सूट. कायदा लागू होण्याआधीच, ऑक्टोबर २०२४ मध्ये, स्टीमच्या पैसे भरायच्या पानावर एक ओळ आली: तुम्ही घेताय ते लायसन्स आहे. वीस वर्षांनी का होईना, पाटी लागली. मालक मात्र बदलला नाही.

तशी युरोपात याआधीच एक लढाई होऊन गेली होती. वापरलेलं सॉफ्टवेअर विकता येतं, डाउनलोड केलेलंसुद्धा, असं युरोपीय न्यायालयानं २०१२ मध्ये ऑरॅकल या सॉफ्टवेअर कंपनीच्या खटल्यात म्हटलं. त्या बळावर फ्रान्समधल्या 'क श्वाझीर' या ग्राहक संघटनेनं व्हॉल्व्हला कोर्टात खेचलं, आणि सप्टेंबर २०१९ मध्ये पॅरिसच्या कोर्टानं निकाल दिला की स्टीमवरचे गेम पुन्हा विकू द्यायला हवेत. गेमर मंडळींनी जल्लोष केला. तीन वर्षांनी, ऑक्टोबर २०२२ मध्ये, अपील कोर्टानं तो निकाल फिरवला. कोर्टाचं म्हणणं असं की गेम म्हणजे नुसतं सॉफ्टवेअर नव्हे, आणि डिजिटल प्रत झिजत नाही. जुनी स्कूटर विकायला काढली तर तिची किंमत उतरते. जुना गेम नव्याइतकाच कोरा असतो, मग नवा घेणार कोण? पटो न पटो, मुद्दा खोटा नाही.

(पडद्यावर: जून २०१३. रंगमंचाच्या मागे दोन माणसं. एक दुसऱ्याच्या हातात गेमची डबी ठेवतो.)

हा व्हिडिओ जेमतेम अर्ध्या मिनिटाचा आहे. त्या वर्षी मायक्रोसॉफ्टनं जाहीर केलं होतं, की त्यांचं नवं गेमचं यंत्र, एक्सबॉक्स, दर चोवीस तासांनी इंटरनेटवर हजेरी लावेल आणि वापरलेल्या गेमवर बंधनं येतील. सोनीनं उत्तरादाखल हे दाखवलं: आपल्या प्लेस्टेशन या यंत्रावर गेम मित्राला द्यायची रीत. पायरी पहिली आणि शेवटची: डबी हातात द्या. लोक खो-खो हसले, मायक्रोसॉफ्टनं त्याच महिन्यात माघार घेतली.

पुढे काय झालं? नोव्हेंबर २०२४ मध्ये त्याच सोनीनं प्लेस्टेशन ५ प्रो बाजारात आणलं. त्यात डिस्क घालायला जागाच नाही. ड्राइव्ह हवा असेल तर वेगळे पैसे मोजा. निन्टेन्डोनं तर २०२५ मध्ये स्विच २ या आपल्या यंत्राबरोबर अशी कार्डं आणली, की दुकानातून डबी आणायची, कार्ड यंत्रात घालायचं, आणि मग गेम इंटरनेटवरून उतरवायचा. कार्डात गेम नाही, किल्ली आहे. निदान ही किल्ली मित्राला देता येते. पण ज्या दिवशी पलीकडचं दुकान बंद होईल त्या दिवशी ती कुठल्या कुलपाला लावायची?

आणि दुकानं बंद होतात. याच निन्टेन्डोनं मार्च २०२३ मध्ये वी यू आणि थ्रीडीएस या यंत्रांची ऑनलाइन दुकानं विक्रीसाठी बंद केली. गूगलची स्टेडिया ही ऑनलाइन गेमसेवा त्याच वर्षी जानेवारीत गेली. त्यांनी मात्र गेमचे पैसे परत दिले, हे नोंदवायला हवं. त्याच वर्षी व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशननं एक अभ्यास प्रसिद्ध केला. अमेरिकेत २०१० पूर्वी निघालेल्या गेम्सपैकी ८७ टक्के आज कुठल्याही बाजारात रीतसर मिळत नाहीत. म्हणजे जुना गेम खेळायचा तर जुनं यंत्र शोधा, नाहीतर चोरी करा. आपण पुन्हा पासोड्या विठोबापाशी येऊन उभे राहतो.

(पडद्यावर: लॅपटॉपसमोर बसलेला एक माणूस. मागे अस्ताव्यस्त खोली.)

'द क्रू'चा विषय इथेच मिटला असता. तो मिटू दिला नाही रॉस स्कॉट या अमेरिकन यूट्यूबरनं. एप्रिल २०२४ मध्ये त्यानं 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम सुरू केली. मागणी बेताची होती. सर्व्हर जन्मभर चालवा, असं तो म्हणत नाही. दुकान आवरताना गेम चालू राहील अशा अवस्थेत सोडून जा, एवढंच. युरोपीय संघात अशा मागणीसाठी वर्षभरात दहा लाख सह्या लागतात. अकरा महिने होत आले तरी आकडा निम्म्याच्या आसपास रेंगाळत होता. मग शेवटच्या काही आठवड्यांत बघता बघता १४ लाखांच्या वर गेला.

कंपन्यांची बाजूही आहे. त्यांची संघटना म्हणते, काही गेम मुळातच ऑनलाइन बांधलेले असतात, ते सुटे करून देणं फार खर्चाचं. आणि चाहत्यांनी चालवलेल्या सर्व्हरवर काही गैर घडलं तर जबाबदार कोण? शिवाय 'द क्रू'मधल्या गाड्या खऱ्या कंपन्यांच्या होत्या. त्यांचे परवाने संपत होते. थोडक्यात, प्रकाशकसुद्धा कुणाचा तरी भाडेकरूच होता. आपण त्याचे पोटभाडेकरू.

खर्चाच्या मुद्द्यावर मात्र माझा विश्वास डळमळतो, आणि त्याला कारण यूबीसॉफ्टच आहे. ओरड झाल्यावर त्यांनी 'द क्रू २'ला इंटरनेटशिवाय चालण्याची सोय करून देऊ असं कबूल केलं, आणि २०२५ मध्ये करून दिलीही. म्हणजे जमत होतं.

पहिल्या 'क्रू'ला ती सोय मिळाली नाही. पण सप्टेंबर २०२५ मध्ये काही चाहत्यांनी, कंपनीच्या मदतीविना, सर्व्हरच्या जागी बसणारा स्वतःचा प्रोग्राम लिहून काढला. नाव ठेवलं 'द क्रू अनलिमिटेड'. गेम ज्या प्रश्नांची उत्तरं कंपनीकडे मागत असे, ती उत्तरं आता हा प्रोग्राम देतो. आपल्याच संगणकावर बसून.

अट एकच. मूळ गेमच्या फाइल्स तुमच्याकडे असायला हव्यात. दुकानात तो मिळत नाही, लायसन्स काढून घेतलेलं आहे.

(पडद्यावर: कपाटाचा खालचा कप्पा. धूळ बसलेली डबी उघडते. डिस्क. मग पुन्हा तोच हायवे, तीच गाडी, डेट्रॉइटहून निघालेली. इंजिनाचा आवाज. काळोख.)