बफेलोतल्या दैनिकातली एक जाहिरात

मंडळी, पत्रिकेवर आजचा विषय छापलाय ‘मानवी जीनोम कसा वाचतात’. जीनोम म्हणजे आपल्या पेशीतला सगळा डीएनए, चार रासायनिक अक्षरांत लिहिलेला मजकूर. तो कसा वाचतात, त्यावर येतोच. पण आधी मला विचारू द्या, की वाचला तो जीनोम कुणाचा? २००३ साली माणसाचा जीनोम वाचून झाला, असं आपण शाळेच्या पुस्तकापासून ऐकतो. माणसाचा म्हणजे कोणत्या माणसाचा? रक्त शेवटी कुणाच्या तरी दंडातून काढावं लागतं ना!

अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात बफेलो नावाचं शहर आहे. मुलाकडे, मुलीकडे जाऊन नायगारा पाहून आलेले किती जण आहेत इथे? बघा, अर्धं सभागृह! म्हणजे तुम्ही बफेलोच्या शेजारी जाऊन आलात. या शहरात रॉसवेल पार्क ही कॅन्सरवर काम करणारी जुनी संस्था आहे. तिथे पीटर द योंग नावाचे शास्त्रज्ञ डीएनएचे तुकडे करून जपून ठेवण्यात फार वाकबगार. माणसाचा जीनोम वाचणाऱ्या सरकारी प्रकल्पाला असेच तुकडे हवे होते. मग १९९७ च्या मार्च महिन्यात ‘बफेलो न्यूज’ या तिथल्या दैनिकात जाहिरात आली, की स्वयंसेवक हवेत. नोकरीच्या, घरभाड्याच्या जाहिराती येतात त्याच पेपरात!

लोक आले. त्यांना प्रकल्प समजावून सांगितला, संमतीपत्रावर सह्या घेतल्या, रक्त घेतलं आणि नावं काढून टाकली. कुठला नमुना कुणाचा, हे शास्त्रज्ञांनाही कळू नये अशी व्यवस्था होती. ती मला मनापासून पटते. त्यातल्या एका पुरुषाच्या डीएनएच्या संग्रहाला नाव मिळालं आरपी-११.

आता माझी तक्रार ऐका. संमतीपत्रात लिहिलं होतं, की अंतिम क्रमात, म्हणजे सगळे तुकडे जुळवून झालेल्या मजकुरात, कुणा एकाचा वाटा दहा टक्क्यांहून जास्त असेल अशी अपेक्षा नाही. प्रत्यक्षात त्या एका माणसाचा वाटा सुमारे ७० टक्के झाला. का? तर घाई. १९९८ मध्ये क्रेग व्हेंटर यांनी सेलेरा ही खाजगी कंपनी काढली आणि आपण तीन वर्षांत जीनोम वाचणार असं जाहीर केलं. सरकारी पैशावर चाललेल्या प्रकल्पाला धाप लागली. आरपी-११ चा संग्रह तयार होता, दर्जाही चांगला होता, तोच वापरत गेले. २६ जून २००० ला व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांच्या शेजारी व्हेंटर आणि सरकारी प्रकल्पाचे प्रमुख फ्रान्सिस कॉलिन्स उभे राहिले, जगभर कौतुक झालं. पण ज्याच्या रक्तावर हे उभं होतं, त्याला दिलेला शब्द पाळला गेला नव्हता. पुढे त्या डीएनएवरूनच अंदाज आला, की त्याचे पूर्वज साधारण निम्मे आफ्रिकी आणि निम्मे युरोपीय असावेत.

प्रकल्पाची एक गोष्ट मात्र डोक्यावर घेऊन नाचावी अशी. १९९६ मध्ये बर्म्युडा बेटावरच्या बैठकीत ठरलं, की वाचलेला क्रम चोवीस तासांत सगळ्या जगाला फुकट खुला करायचा. इंग्लंडचे जीवशास्त्रज्ञ जॉन सल्स्टन यासाठी अक्षरशः भांडले. त्यांच्यावर एक अख्खं व्याख्यान... नको, चिठ्ठी आली. दहा मिनिटं राहिली म्हणतायत.

तर, कसा वाचतात. जीनोम सुमारे ३०० कोटी अक्षरांचा. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सलग वाचणारं यंत्र नाही. तेव्हा त्याचे दीडदोन लाख अक्षरांचे तुकडे करून जीवाणूंत वाढवायचे, त्यांचे आणखी बारीक तुकडे करायचे, फ्रेडरिक सँगर यांच्या १९७७ च्या पद्धतीने एका वेळी काही शे अक्षरं वाचायची आणि टोकं जुळवत संगणकावर सांधायचं. सारखाच मजकूर पुन्हा पुन्हा येतो तिथे सांधणी अडायची. तो राहिलेला सुमारे आठ टक्के भाग लांब तुकडे वाचणारी यंत्रं आल्यावर २०२२ मध्ये पुरा झाला.

आज तुमचं रक्त लॅबमध्ये गेलं, की बहुधा दीडशे अक्षरांचे कोट्यवधी तुकडे वाचतात आणि संदर्भ जीनोमशेजारी, म्हणजे तुलनेसाठी ठरवलेल्या जीनोमशेजारी, ठेवतात. तुमच्यामाझ्यात त्याहून वेगळ्या अशा चाळीस-पन्नास लाख जागा निघतात. यातली घातक कुठली? एखादा बदल आपल्याच समाजातल्या पुष्कळ निरोगी लोकांत दिसला, तर तो बहुधा निरुपद्रवी. पण तुलनेची माहिती मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांची असते. त्यांत तो बदल नसतो, म्हणून रिपोर्टवर ‘अर्थ अनिश्चित’ असा शेरा येतो. असे रिपोर्ट हातात धरून बसलेले आईबाप मी पाहिलेत. हजारो रुपये घेऊन लॅब त्यांना तेवढंच सांगते. मला याचा संताप येतो.

उलटंही होतं. हृदयाच्या स्नायूसाठी लागणाऱ्या एका जनुकात २५ अक्षरं गळालेली असतात. सुमारे चार टक्के भारतीयांत हे आढळतं आणि उतारवयात हृदय निकामी होण्याचा धोका त्याने वाढतो, हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. दक्षिण आशियाबाहेर हा बदल अगदी विरळा. बफेलोत कितीही जाहिराती दिल्या असत्या तरी तो सापडला नसता. त्यासाठी इथल्याच लोकांचं रक्त तपासावं लागलं.

म्हणून ‘जीनोम इंडिया’ हा आपला सरकारी प्रकल्प महत्त्वाचा. ८० हून अधिक समूहांतल्या सुमारे दहा हजार भारतीयांचे जीनोम वाचून झालेत, माहिती फरिदाबादला ठेवली आहे आणि जानेवारी २०२५ पासून ती संशोधकांना अर्ज करून मिळू लागली. साडेचार हजारांहून जास्त समूहांच्या देशाला हे पुरेसं नाही. पुढच्या फेरीत आपल्या गावात कुणी रक्त मागायला आलं, तर द्या. संमतीपत्र मात्र शेवटच्या ओळीपर्यंत वाचा.

वेळ संपली. घरी कुणाचा ‘अर्थ अनिश्चित’ रिपोर्ट असेल तर तो फेकू नका. दोनएक वर्षांनी लॅबला लेखी विचारा, की नव्या भारतीय माहितीशी तो पुन्हा ताडून पाहिला का? शेरे बदलतात. प्रश्न घेऊया, मागच्या रांगेपासून.